कुंभाच्या आधी विकू की नंतर?

लग्नाच्या लॉन्सवर भेटलेले पाहुणे विचारतात, बँकेत शेजारच्या खुर्चीवर बसलेले गृहस्थ विचारतात, परवा रामकुंडावर दशक्रियेला गेलो होतो तर तिथंही एकानं बाजूला घेऊन विचारलं. "साहेब, जुना फ्लॅट आहे. कुंभाच्या आधी काढू की नंतर?" गेली बावीस वर्षं मी नाशिकमध्ये बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करतो, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येणारच. उभ्या उभ्या नीट उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहितो.

कुंभ बघून घर विकू नका, आणि कुंभासाठी अडवूनही ठेवू नका.

सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चं आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ चं. या तारखांना शहरात लाखो माणसं येतील, पण त्यातलं कुणी तुमचा वन बीएचके घ्यायला येणार नाही. २०१५ च्या सिंहस्थातही असंच झालं होतं. साधू गेले, तपोवनातले तंबू निघाले, मागे राहिले ते रिंगरोड आणि पूल. ज्या घरांना त्या रस्त्यांचा उपयोग झाला त्यांना गिऱ्हाईक वाढलं, तेही हळूहळू, चार-पाच वर्षांत. तेव्हा मेळ्याची तारीख पाहण्यापेक्षा तुमच्या घरापासून कोणता रस्ता किती अंतरावरून जातो ते पाहा.

नाशिकमध्ये घर घेतं कोण? अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नोकरी करणारी माणसं घेतात. मुंबईत आयुष्य काढून निवृत्तीनंतर इकडे येणारे घेतात. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हापासून त्यांची चौकशी वाढलेली मला दिसते. आणि तिसरा गिऱ्हाईक बाहेरच्या लोकांना ठाऊक नसतो: निफाड, दिंडोरी, कळवण, सटाण्याचा शेतकरी. मुलांना कॉलेजरोडला शिकायला ठेवायचं म्हणून तो फ्लॅट घेतो. द्राक्षं चांगल्या भावानं गेली की पाडवा आणि अक्षय्य तृतीयेला बुकिंगं होतात. अवकाळीनं बाग झोडपली की तोच माणूस "पुढच्या वर्षी बघू" म्हणतो. नाशिकचा बाजार समजून घ्यायचा तर लासलगावचा कांदा आणि द्राक्षाची निर्यात यांच्यावर नजर ठेवावी, असं मी मनापासून सांगतो.

पण हे सगळं झालं बाहेरचं. तुमच्या हातात असलेली गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्याकडे फार थोडे लोक बघतात.

इंदिरानगरमधल्या एका काकांची गोष्ट सांगतो. तिसरा मजला, १९९७ ची इमारत, हवा-उजेड उत्तम. मुलगी-जावई पुण्याला, म्हणून विकायचं ठरलं. गिऱ्हाईक मिळालं, भाव जमला, टोकनही घेतलं. मग गिऱ्हाईकाच्या बँकेनं मला पाठवलं. मी कागद मागितले तर काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एकच कागद काढला: बिल्डरबरोबरचं साठेखत, म्हणजे नुसता विक्रीचा करार. इमारत अपार्टमेंट कायद्याखाली होती, डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत त्या कायद्याखाली आणणारा दस्त) झालेलं होतं, पण काकांचं डीड ऑफ अपार्टमेंट (फ्लॅटची मालकी त्यांच्या नावे करणारा दस्त) कधी नोंदवलंच नव्हतं. सत्तावीस वर्षं घरपट्टी भरली, दोन मुलांची लग्नं त्या घरातून केली, आणि घराची पूर्ण मालकी मात्र कागदावर आलेली नव्हती. कर्ज अडकलं. गिऱ्हाईकानं दोन महिने वाट पाहिली आणि पाथर्डी फाट्याला दुसरं घर घेतलं. काकू दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, "भाऊ, आम्ही काय चुकीचं केलं हो?" काहीच चुकीचं केलं नव्हतं त्यांनी. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून आज कपाट उघडा आणि बघा. आपल्याकडे इमारती दोन प्रकारच्या. एक, १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या. तिथं प्रत्येक घरमालकाचं स्वतःचं डीड लागतं. दुसऱ्या, सहकारी गृहनिर्माण सोसायट्या. तिथं जमीन सोसायटीच्या नावावर होणं, म्हणजे कन्व्हेयन्स, महत्त्वाचं. बिल्डर सही करत नसेल, हयात नसेल, तर मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे त्याच्या सहीशिवायचं कन्व्हेयन्स, होतं; त्यासाठी सोसायटीनं जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. सिडको या सरकारी महामंडळाच्या वसाहतीतलं घर असेल तर जमीन भाडेपट्ट्याची आहे का आणि हस्तांतरणाला सिडकोची परवानगी लागते का, ते आधी विचारा. कागद पूर्ण असलेलं आणि अर्धवट असलेलं, अशी एकाच गल्लीतली दोन घरं मी जवळजवळ रोज बघतो. पहिल्याला कर्ज घेणारा गिऱ्हाईक मिळतो. दुसऱ्याला रोख पैसेवालाच शोधावा लागतो, आणि तो पाडूनच मागतो.

दहा-बारा वर्षांपूर्वीच्या इमारतींना नाशिकचं एक खास दुखणं आहे, कपाटाचं. नकाशात कपाट म्हणून दाखवलेली, एफएसआयमध्ये (भूखंडावर किती बांधता येतं त्या मर्यादेत) न धरलेली जागा खोलीत सामावून घेतली गेली. महापालिकेनं ती मोजली आणि कितीतरी इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. सहा आणि साडेसात मीटरच्या रस्त्यांवर टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) चढवता येत नव्हता, म्हणून ते जादा बांधकाम नियमितही होईना. तुमची इमारत त्या काळातली असेल तर दाखला मिळाला की नाही, हे महापालिकेत जाऊन विचारून या. "मिळाला असेल" यावर राहू नका.

नदीजवळच्यांनी पूररेषाही बघावी. सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर त्या आखल्या गेल्या. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि जुन्याच्या पुनर्विकासालाही अटी लागतात. गोदावरीचंच नाही, नासर्डी आणि वाघाडीच्या काठचंही बघा.

आता भावाबद्दल. शेजाऱ्यानं अमुक दरानं विकला, हे ऐकून हिशोब करू नका. तो दर कार्पेटचा (घरातल्या वापराच्या जागेचा) की सुपर बिल्टअपचा (जिना-लॉबीचा वाटा धरून), हे आधी विचारा. महारेरा हे बिल्डरांवर देखरेख करणारं प्राधिकरण मे २०१७ मध्ये आल्यापासून नवी घरं कार्पेटवर विकली जातात, पण जुन्यांच्या व्यवहारात अजून गोंधळ असतो. रेडी रेकनर, म्हणजे सरकारनं ठरवलेला दर, हाही बाजारभाव नव्हे. १ एप्रिल २०२५ पासून तो नाशिक महापालिका क्षेत्रात सरासरी ७.३१ टक्क्यांनी वाढला, म्हणून तुमच्या घराची किंमत तेवढी वाढली असं होत नाही. त्यानं मुख्यतः एवढं ठरतं की व्यवहार त्याच्या खाली झाला तरी मुद्रांक शुल्क त्याच्याच हिशोबानं भरावं लागतं.

कराचा हिशोब आधी काढून घ्या. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या आणि दोन वर्षांहून जास्त काळ तुमच्याकडे असलेल्या घराच्या नफ्यावर दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के, किंवा लावून वीस टक्के, कमी पडेल तो घ्या. विकल्यापासून दोन वर्षांत दुसरं घर घेतलंत तर करात सवलत मिळते. सीएला टोकन घ्यायच्या आधी भेटा. बहुतेक लोक नंतर जातात.

विकायच्या आधी नवं मॉड्युलर किचन बसवू नका, नवा मालक ते काढूनच टाकतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग मात्र सगळ्यांनी मिळून उन्हाळ्यात करून घ्या. पश्चिमेच्या भिंतीला ओल दिसली की मला अहवालात लिहावंच लागतं.

काकांचं पुढे काय झालं, तेही सांगतो. डीड नोंदवायला सात महिने लागले. बिल्डरच्या मुलाला शोधून सह्या घ्याव्या लागल्या, जुन्या पावत्या बँकेच्या तळघरातून निघाल्या. डीड हातात आल्यावर मी पुन्हा घर बघायला गेलो, तर काकू म्हणाल्या, आता विकायची घाई नाही, पुण्याला जाऊन येऊन राहू. त्या जुन्या पिशवीच्या जागी निळी फाइल आली होती. इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी उतारा), घरपट्टीची पावती, पूर्णत्वाचा दाखला, सगळं लावलेलं. तुमची फाइल अशी लावा आणि मग माझ्याकडे या. रविवारी सकाळी मी घरीच असतो.