नंदवाळच्या वाटेवर तिघी

आषाढी एकादशीला पंढरपूर जमलं नाही, तर कोल्हापूरचा माणूस नंदवाळ गाठतो. करवीर तालुक्यातलं हे गाव म्हणजे आमचं प्रतिपंढरपूर. मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून दिंडी निघते, जुना वाशी नाका, साने गुरुजी वसाहत करत पुईखडीला येते, तिथं रिंगण होतं आणि मग वाशीवरून नंदवाळ. एका दिवसात होणारी वारी. घरात म्हातारं माणूस असलेल्या बाईलाही जमते, म्हणून बायकांची गर्दी फार.

मी ख्रिस्ती. दिंडी लहानपणापासून रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितलेली, तीत चालले नव्हते. यंदा शेजारच्या आक्कानं पिच्छाच पुरवला. "टीचर, चला की. मी दरसाल जातो, ह्या साली तुम्हाला घेऊन जातो."

"मी काय म्हणू तिथं?"

"तुमच्या देवाचं म्हणा. पाय उचलत ऱ्हावा म्हणजे झालं."

आमच्या महिला मंडळातल्या सिस्टरना सांगितलं, तर त्याही तयार. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. गुडघे दुखतात, पण नाही म्हणायची सवय नाही.

या दोघींबद्दल आधी सांगायला हवं. माझा नवरा २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्या दिवसांत घरी कोण येणार? फोन मात्र वाजत राहायचा. जाणती माणसं सांगायची, "देवाची योजना असते, ताई. रडू नका." मला त्या वाक्याची चीड यायची, अजून येते. आक्का तसलं काही बोलली नाही. डबा दाराशी ठेवायची, बेल वाजवायची आणि जिन्याच्या चार पायऱ्या उतरून उभी राहायची. मी डबा उचलून आत नेईपर्यंत हलायची नाही. सिस्टर रात्री फोन करायच्या. दोन ओळींची प्रार्थना, मग मला बोलवत नसलं तरी फोन ठेवायच्या नाहीत. पलीकडं त्यांचं लसूण सोलणं चालायचं. सालीचा कुरकुर आवाज, मधेच वाटीत पाकळी पडल्याचा आवाज. तो ऐकत मला झोप लागायची.

बायबलमधल्या रूथची गोष्ट आमच्याकडं लग्नात, मंडळाच्या सभेत शंभरदा सांगतात. नवरा गेला तरी सासूला सोडलं नाही, अशी गुणी सून! मला आता त्यात सासू जास्त दिसते. नवरा आणि दोन्ही मुलगे मवाबात गमावून नामी बेथलेहेमला परत येते आणि गावातल्या बायकांना तोंडावर सांगते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, देवानं माझं आयुष्य कडू केलं. भरल्या हातानं गेले होते, रिकामी आले. हे ती बोलते तेव्हा रूथ तिथंच आहे. 'रिकामी कशी, मी आहे ना?' असं ती म्हणत नाही. देवाची बाजू घेऊन समजावतही नाही. मग शेतात सरवा वेचायला जाते, घरात खायला हवं म्हणून. देवाविरुद्धची इतकी उघड तक्रार शास्त्रात तशीच ठेवली आहे, कुणी खोडली नाही, याचा मला त्या वर्षी कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त आधार वाटला.

तर दिंडी. पाऊस होताच. सिस्टर रेनकोट आणि पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत, आक्का नऊवारीत, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. वाटेत तालमींची, मंडळांची पोरं चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू हातात कोंबत होती. सिस्टरनी शाबूची खिचडी दोनदा घेतली. टाळ सुरू झाले तेव्हा मला वाटलं होतं तसं परकं काही वाटलं नाही. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना सोडलं नाही. अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तनं केली. आमच्या 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकात त्यांची पदं आहेत आणि माझ्या सासूबाई ती झांजेवरच म्हणायच्या. ठेका ओळखीचा होता. मी टिळकांचं पद म्हणत राहिले, शेजारची बाई ज्ञानोबा-तुकाराम. कुणाचंच अडलं नाही.

पुईखडीच्या चढाला सिस्टर थांबल्या. गुडघा दाबत म्हणाल्या, "माझा नवरा मला सोडून गेला तेव्हा मी क्वार्टरमध्ये एकटी होते. आमच्या वॉर्डातली एक मुसलमान आया ड्यूटी संपली की माझ्या खोलीवर येऊन झोपायची. काही विचारायची नाही. घोरायची मात्र जोरात." इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "पहाटे येशूच्या कबरेकडं निघालेल्या त्या बायकासुद्धा वाटेत हेच बोलत होत्या ना, दगड कोण लोटणार म्हणून? उत्तर नव्हतं, तरी निघाल्या की."

रिंगणात घोडा सुटला, सगळं माळरान ओरडलं आणि मी मोठ्यानं रडले. त्या गदारोळात कुणाला ऐकू गेलं नाही, बरं झालं. आक्कानं मात्र बघितलं. तिनं डोळे पुसले नाहीत की पाठीवर हात फिरवला नाही. "पदर खोचा," म्हणाली आणि दोन्ही हात धरून फुगडीला ओढलं. चिखलात. साडी वाया गेली ती गेलीच.

नंदवाळला पोचलो. दर्शनाच्या रांगेत आक्का उभी राहिली, आम्ही दोघी बाहेर एका पायरीवर बसून तिची पिशवी सांभाळत होतो. आमची वाट वेगळी आहे हे आम्हा तिघींनाही ठाऊक आहे, त्यात लपवायचं काही नाही. पुढच्या रविवारी चर्चबाहेर एकानं विचारलंच, "तुम्ही दिंडीत कशा?" सिस्टर म्हणाल्या, "चालत."

आता बुधवारच्या आमच्या महिला सभेला आक्का अधूनमधून येते. प्रार्थनेच्या वेळी शांत असते, पण गाणं सुरू झालं की पिशवीतनं स्वतःचे टाळ काढते. परवा आमच्या बायकांचा ठेका घसरला, तर हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाली, "अवो, पळताय कुठं? परत पहिल्यापासनं घ्या."