पद्मिनी घेऊन पसरणी चढताना, आंबेनळी उतरताना

पुण्याहून वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि पुढे आंबेनळी घाटाने पोलादपूर. हल्लीच्या कुठल्याही गाडीत हा निवांत प्रवास आहे. एसी लावायचा, गाणी लावायची, वाटेत कुठेतरी मिसळ खायची आणि संध्याकाळी कोकणात उतरायचं. आम्ही तोच रस्ता प्रीमियर पद्मिनीने केला. १०८९ सीसीचं इंजिन, एक कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा), हँडलला गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे स्प्रिंग म्हणून पाटे. उंची वाढली, ऊन चढलं, उतार लागला की काय बदलायचं हे नव्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, परस्पर ठरवतो आणि चालकाला पत्ताही लागत नाही. पद्मिनीत ते सगळं चालकाच्या अंगावर येतं. जुन्या गाडीला कॅरेक्टर असतं असं लोक म्हणतात, ते आमच्या मते याच्यामुळे. क्रोमचं बंपर आणि गोल दिवे हा वरचा साज झाला.

मूळची ही इटलीची फियाट ११००डी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनू लागली, १९६४ पासून ११०० डिलाइट म्हणून आणि पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी या नावाने. मुंबईची काळीपिवळी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. खासगी गाड्या अजून बऱ्याच आहेत. कागदांचं एक सांगून ठेवतो. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेचा विंटेज नंबर मिळतो, नोंदणीला वीस हजार रुपये पडतात. पण त्या नंबरवर गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. घाट फिरायचे असतील तर नेहमीचं आरसी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहणं बरं.

निघण्याआधीची तयारी रस्त्यापेक्षा महत्त्वाची. डेल्कोतला (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) पॉइंटचा गॅप फीलर गेजने ०.४० ते ०.४५ मिलिमीटर, प्लगचा ०.६ च्या आसपास. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर एक-दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. त्याहून सैल असेल तर चढावर पंखा आणि पाण्याचा पंप मागे पडतात, फार ताठ असेल तर पंपाचं बेअरिंग जातं. समोरच्या सस्पेन्शनचे ग्रीस निपल, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर पूर्ण काढून नवं. या गाडीचं डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नवं असताना ते २०५ अंशांच्या वर उकळतं, ओल धरल्यावर १४० लाही उकळू शकतं, आणि उतारावर नेमकी तीच वेळ येते. डिकीत पॉइंट, कंडेन्सर, रोटर, दोन प्लग, फॅन बेल्ट, रेडिएटरचा होज, क्लिपा, पेट्रोल पंपाचा डायफ्राम, पाच लिटर पाणी आणि गाडी घरंगळू नये म्हणून चाकाला लावायच्या दोन लाकडी ओट्या. पुण्याच्या नाना पेठेत यातलं बहुतेक मिळतं. कंडेन्सर मात्र दोन घ्यावेत, कारण नवे कोरे कंडेन्सरही बाद निघतात.

सकाळी गार गाडी चालू करताना चोक पूर्ण ओढायचा, ॲक्सिलरेटर एकदाच दाबायचा, बस. चार वेळा पंप केलं की प्लग पेट्रोलने भिजतात आणि मग बॅटरी संपेपर्यंत स्टार्टर फिरवत बसावं लागतं. गाडीने आवाज पकडला की चोक टप्प्याटप्प्याने आत.

कात्रज ओलांडून शिरवळपर्यंत हायवे सरळ आहे. पद्मिनी इथे साठ-सत्तरला खूश असते. ऐंशीलाही जाते, पण मग हँडल थरथरतं आणि ट्रकवाले मागून हॉर्न देतातच. खंबाटकी चढताना पहिल्यांदा पाण्याचा काटा बघावा. तो थोडा वर सरकून थांबला तर सगळं ठीक. बऱ्याच गॅरेजवाल्यांना थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायची सवय आहे, 'गाडी गरम होणार नाही' म्हणून. तसं करू देऊ नका. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन गारच राहतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये गाळ धरतं. आणि रेडिएटर चोंदलेला असेल तर थर्मोस्टॅट काढूनही गाडी गरम व्हायची ती होतेच. नव्या गाड्यांपैकी अनेकांत तर हा काटाच नाही, नुसता दिवा असतो. तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

सुरूर फाट्याला हायवे सोडून वाई, आणि वाई संपली की पसरणी घाट. पाचगणीपर्यंत जेमतेम बारा किलोमीटर, पण चढ साडेपाचशे मीटरच्या वर. पद्मिनीने हा घाट दुसऱ्या गिअरचा आहे. वळणावर एखादी एसटी आडवी आली आणि गती मेली की पहिला घ्यावा लागतो. पहिल्याला सिंक्रो, म्हणजे गिअरचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. चालत्या गाडीत तो घालायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा एक झटका, पुन्हा क्लच आणि मग गिअर. झटका बरोबर बसला तर लिव्हर लोण्यासारखी आत जाते, चुकला तर गिअरबॉक्स सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं करवादतो. जमत नसेल तर गाडी पूर्ण थांबवून घ्यावा, लाज नाही त्यात. हँडल गिअरच्या दांड्यांचे बुश झिजले असतील तर घाईत लिव्हर दोन गिअरच्या मध्ये अडकते. इंजिन बंद करायचं, हँडब्रेक ओढून चाकाला ओटी लावायची, बॉनेट उघडून दांड्या हाताने न्यूट्रलला आणायच्या. बुश स्वस्त आहेत, आधीच बदललेले चांगले.

पाचगणीच्या तोंडाशी सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते आणि पद्मिनीची खरी परीक्षा तिथे होते. चढून तापलेलं इंजिन, समोरून वारा नाही, आणि पेट्रोलचा यांत्रिक पंप इंजिनालाच चिकटलेला. पंपात आणि नळीत पेट्रोल उकळून वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो, कार्बोरेटर कोरडा पडतो. गाडी आचके देऊन बंद. यावर उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं, बॉनेट उघडं आणि पंधरा मिनिटं धीर. हा त्रास इथेनॉलमुळे वाढलाय. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल लवकर वाफ धरतं, शिवाय त्याला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) मिश्रण पातळ पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. मेन जेट एक माप मोठा केला की ओढ परत येते. पंपाचा जुना रबरी डायफ्राम आणि नळ्याही इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात, त्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्याच घ्याव्यात. टाकीतला जुना गंजही सुटतो, म्हणून पंपाआधी एक पारदर्शक फिल्टर बसवावा. तांबडा कचरा डोळ्यांना दिसतो.

महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर. इथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पंधरा टक्के विरळ. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो पेट्रोल सवयीनेच देतो. आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं चालणं, जड होतं, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी दिसते. तिथे राहणार असाल तर आयडलचा मिक्स्चर स्क्रू पाव फेरा आत घ्यावा आणि उतरण्याआधी आठवणीने परत बाहेर. तो तसाच राहिला तर खाली आयडलिंग पातळ होऊन सिग्नलला गाडी सारखी बंद पडते. पाणीही इथे पंच्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून रेडिएटरच्या झाकणाचं रबर आणि स्प्रिंग शाबूत हवं.

आंबेनळी उतरणं हा या प्रवासाचा गाभा. प्रतापगडाचा फाटा मागे टाकून महाबळेश्वरहून पोलादपूरपर्यंत चाळीसेक किलोमीटरमध्ये जवळजवळ समुद्रसपाटीला यायचं. पावसाळ्यात इथे दरडी येतात, तेव्हा रस्ता चालू आहे का हे महाबळेश्वरलाच विचारून घ्यावं. उतरताना पहिल्या वळणापासून दुसरा गिअर. ब्रेकवर पाय ठेवून घरंगळत यायचं नाही. वळणाआधी घट्ट दाबायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात ड्रमला वारा लागतो. ड्रम तापला की फुगतो, त्याला आतून घासून चाक थांबवणाऱ्या शूपासून लांब जातो आणि पेडल खोल जायला लागतं. त्यात लायनिंगचा जळका वास आला की बाजूला जागा बघून थांबायचंच. थांबल्यावर ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तडकतो. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक करकचून ओढायचा नाही, ड्रम गार होताना आकसतो आणि शू आतच धरून बसतात. गिअरमध्ये टाकून चाकाला ओटी.

एक मात्र स्पष्ट सांगतो: याच उतारावर एबीएसची (ब्रेक दाबताना चाकं जाम होऊ न देणारी) नवी गाडी कितीतरी सुरक्षित आहे, आणि लहान मुलं बरोबर असतील तर तीच घ्यावी. पद्मिनीत टक्कर झाली तर मध्ये फारसं काही नाही.

पोलादपूरला हायवेला लागण्याआधी चारही ड्रमजवळ हाताची मागची बाजू न्यावी, टेकवू नये. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला शू अडकतोय किंवा व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजलाय. एखादं चाक गारच असेल तर ते ब्रेकच घेत नाहीये. प्लग काढून बघावेत, विटकरी-करडा रंग बरोबर, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी. परतताना आंबेनळी दुपारच्या उन्हात चढण्यापेक्षा महाडवरून माणगाव आणि ताम्हिणीने मुळशी गाठावी. पेट्रोल माणगावलाच भरून घ्यावं, घाटात पंप नाहीत.