‘ही…’ म्हटल्यावर अडलेली कात्री

मी वाक्-भाषा उपचारतज्ज्ञ आहे, आणि माझ्या कामातला सर्वांत जोखमीचा भाग ऑपरेशन थिएटरमध्ये, रुग्णाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर बसून करावा लागतो. मेंदूतल्या गाठीची शस्त्रक्रिया रुग्णाला जागे ठेवून करणार, हे ऐकले की घरच्या माणसांच्या अंगावर काटा येतो. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही आणि डोक्याची त्वचा आधी बधिर केलेली असते, हे भूलतज्ज्ञ शांतपणे समजावून सांगतात, तरी भीती एका बैठकीत जात नाही.

हा सगळा खटाटोप गाठीच्या स्वभावामुळे करावा लागतो. मेनिंजिओमा ही गाठ मेंदूच्या आवरणातून वाढते आणि पुष्कळदा मेंदूपासून सोडवून काढता येते. ग्लायोमा मात्र कापडात तेलाचा डाग पसरावा तशी मेंदूतच मुरत जाते, त्यामुळे गाठ कोठे संपली आणि बोलणारा, समजणारा मेंदू कोठे सुरू झाला, हे सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या शल्यविशारदालाही नुसत्या नजरेने सांगता येत नाही. ते रुग्णालाच विचारावे लागते.

मागच्या वर्षी सातारा जिल्ह्यातले एक शिंपीकाका आमच्याकडे आले. दुकानात गिऱ्हाइकाचे माप सांगता सांगता त्यांचे बोलणे थांबले आणि पाठोपाठ आकडी आली. एमआरआयमध्ये डाव्या कानशिलाच्या आतल्या बाजूला गाठ दिसली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दोन दिवसांत मी त्यांना घड्याळ, कुलूप, विळी, चमचा अशी शंभराहून अधिक चित्रे दाखवली आणि ज्या चित्रावर ते जरासे जरी अडखळले ते संचातून काढून टाकले, कारण टेबलावर चूक झाली तर ती विद्युतप्रवाहानेच झाली, अशी खात्री हवी असते.

प्रत्येक चित्राला पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचे असते. ‘हा चमचा आहे’, ‘हे कुलूप आहे’. शल्यविशारद मेंदूच्या पृष्ठभागावर तीन-चार सेकंद अगदी सौम्य प्रवाह देतात आणि त्याच वेळी मी चित्र पुढे करते. रुग्णाला ‘हा’सुद्धा म्हणता आला नाही तर उच्चार थांबला असे धरायचे, ‘हा’ आला आणि पुढचे नाव आले नाही, तर नाव शोधण्याची वाट अडली. अशा जागेवर क्रमांकाची छोटी चिठ्ठी ठेवली जाते आणि ती जागा राखली जाते.

त्या दिवशी मी कात्रीचे चित्र धरले. काका म्हणाले, ‘ही…’ आणि थांबले. पुन्हा ‘ही… ही…’. उजव्या हाताची दोन बोटे चादरीवर कापड कापल्यासारखी उघडमीट करत होती, आणि ज्या वस्तूवर चाळीस वर्षे संसार चालला तिचे नाव ओठांवर येत नव्हते. प्रवाह थांबला आणि लगेच शब्द आला, ‘कात्री! ताई, ही कात्री आहे.’

मला यातले ‘ही’ फार मोलाचे वाटते. नाव सापडले नव्हते, पण ते स्त्रीलिंगी आहे हे त्यांच्या मेंदूला ठाऊक होते. १९९५ साली एका इटालियन रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यालाही वस्तूंची नावे आठवत नसत, पण त्या नावांचे व्याकरणातले लिंग अचूक सांगता येई. काका गिऱ्हाइकांशी हिंदीतही बोलत, म्हणून आम्ही हिंदीची चाचणीही घेतली. पण तिथे ‘यह’ सगळ्यांना सारखेच, त्यामुळे ही खूण दिसत नाही. परभाषेतला चित्रसंच आणि त्याच्या सूचना नुसत्या भाषांतरित करून वापरू नयेत, असा माझा आग्रह असतो तो यामुळेच. जे विचारले जाते तेवढेच वाचवता येते.

या पद्धतीचा पाया मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये घातला. तिथली त्यांची संस्था १९३४ साली सुरू झाली, आणि १९४९ साली वेल्लोरला भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग काढणारे डॉ. जेकब चंडी त्यांच्याकडेच शिकले होते. १९२८ साली पेनफील्ड यांनी सख्ख्या बहिणीची, रूथची, शस्त्रक्रिया केली. गाठ उजव्या पुढच्या भागात होती. ती पूर्ण निघाली नाही आणि १९३१ साली रूथ गेली. मधल्या काळात तिने भावाला घरी जेवायला बोलावले होते. दिवसभर वेळ मिळूनही, ठरलेल्या वेळी सामान सगळे समोर, पण कोशिंबीर अपुरी आणि मांस चुलीवर चढलेलेच नाही, अशी ती स्वयंपाकघरात गोंधळून उभी होती. तिचे बोलणे शाबूत होते. हा प्रसंग पेनफील्ड यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पाच माणसांच्या स्वयंपाकाची जुळवाजुळव चित्रांच्या चाचणीत कधीच दिसली नसती. मी तो प्रसंग वाचल्यापासून रुग्णाच्या घरच्यांना नेहमी विचारते, की हे दिवसभर नेमके काय काय करतात?

प्रवाह देऊन मेंदूतल्या राखायच्या जागांचा नकाशा काढण्याचा लाभ आकड्यांतही दिसतो. २०१२ साली आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा असे नकाशे काढून केलेल्या शस्त्रक्रियांनंतर कायमचे गंभीर अपंगत्व सुमारे ३.४ टक्के रुग्णांत आढळले आणि नकाशाविना ८.२ टक्के रुग्णांत. शिवाय नकाशा असताना गाठही अधिक वेळा पूर्ण निघाली होती.

काकांच्या बाबतीत ती पूर्ण निघाली नाही. कात्रीच्या चिठ्ठीपाशी आमचे डॉक्टर थांबले. गाठीचा थोडा भाग मागे ठेवणे हा निर्णय काकांच्या मुलाला जड गेला, आणि मला त्याचे दुःख समजते. मी त्याला चिठ्ठीचा क्रमांक दाखवला आणि वडिलांची अडलेली बोटे कशी हलत होती ते सांगितले.

तीन महिन्यांनी काका तपासणीला आले. मी तोच संच काढला. कात्रीच्या चित्रावर ते थांबले, तेव्हा माझ्या छातीत धस्स झाले. मग ते म्हणाले, ‘ताई, ही कागदाची कात्री आहे. कापडाच्या कात्रीची एक मूठ मोठी असते.’ ते चित्र मी बदलले आहे. उरलेल्या गाठीसाठी त्यांचा पुढचा एमआरआय डिसेंबरात आहे.