सुटा स्क्रू मिळेल

हार्डवेअरच्या दुकानात काय खपतंय यावरून आजूबाजूला काय चाललंय ते बरोबर कळतं. जुनी घरं होती तोवर वॉशर, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, ट्यूबलाइटचे स्टार्टर रोज जायचे. मग इमारती पाडायला निघाल्या आणि गल्ला बसला. बांधकामाचा माल बिल्डर घाऊक उचलतो; माझ्याकडे फार तर कामगार हातमोजे घ्यायला येतात. नवे लोक राहायला आले की प्लग, ड्रिलचे बिट, पडद्यांचे रॉड यांची काही महिने चंगळ. मग पुन्हा शांतता. भाडं काही शांत बसत नाही.

ऑनलाइन स्वस्त मिळतं, मान्य. पण परवाचे गृहस्थ बघा. पाइपचे आटे बाहेरून पट्टीने मोजले, एकवीस मिलिमीटर भरले, म्हणून पाऊण इंची नळ मागवला. बसेना. बसणारच नाही! अर्धा इंची पाइपचे आटेच बाहेरून जवळजवळ २१ मिमी असतात. मी अर्धा इंची नळ आणि टेफ्लॉन टेप दिली. (मागवलेला नळ मलाच विकायचा त्यांचा विचार होता, तो मी हसून टाळला.)

एलईडी आल्यापासून पडून राहिलेले ट्यूबलाइटचे चोक मी शेवटी भंगारात काढले. त्या फळीवर आता सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपचे, जोड आहेत. गीझरच्या गरम पाण्याला साधं पीव्हीसी टिकत नाही, नव्या घरांतही नाही. शिवाय दोन्हींचं जोड चिकटवायचं सोल्युशन वेगळं, हे प्रत्येकाला सांगावंच लागतं. सुटे स्क्रू मात्र मी अजून ठेवतो. नफा नगण्य, पण स्क्रूसाठी आलेला माणूस सहसा आणखी काहीतरी घेऊनच जातो.