मिरजेतली ईस्टरची पहाट

शुभ शुक्रवार आणि ईस्टर यांच्या मधला शनिवार तसा मोकळाच असतो. चर्चमधली फुलं बदलायची, गायनमंडळाची शेवटची तालीम करायची, घरी ईस्टरची अंडी रंगवायची. यंदा त्या शनिवारी मी हे सगळं सोडून पुण्याहून कोयना एक्सप्रेस पकडली आणि मिरजेला गेले. माझ्या धाकट्या भावाची कबर तिथे आहे आणि ती मी अजून पाहिली नव्हती.

तो मे २०२१मध्ये गेला. मिरजेत लॅब टेक्निशियन होता. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती आणि त्याचं काम थांबण्यातलं नव्हतं. जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा, आणि मी तर पुण्यात स्वतःच पॉझिटिव्ह येऊन एका खोलीत बंद. भावजय आणि माझी भाचीही विलगीकरणात. चर्चच्या पाळकसाहेबांनी पीपीई किट घालून चार माणसांत दफनविधी केला. कुणीतरी व्हिडिओ कॉल लावला होता, पण रेंज तुटत होती. मला दिसले ते किटमधले हात आणि ओल्या काळ्या मातीचा ढीग, बस. मूठभर माती टाकून निरोप द्यायचा असतो आपल्यात. तेही झालं नाही.

नंतर माणसं येत राहिली, चांगल्या मनानेच. ‘प्रभूची इच्छा’, ‘तो उत्तम ठिकाणी आहे’, ‘विश्वासणाऱ्याने इतकं रडू नये’. मी ऐकून घ्यायचे. दर रविवारी चर्चलाही जायचे, पण गीत सुरू झालं की ओठ उघडायचे नाहीत. प्रार्थनेला बसले की एकच वाक्य यायचं: तू होतास ना, मग हे कसं होऊ दिलंस?

जेजुरी, नीरा मागे पडली. समोरच्या बाकावर सातारकडच्या एक आजी होत्या, पायाशी गोणपाटाची पिशवी. आदर्कीच्या घाटात त्यांनी विचारलं, “कुठं निघालाय, बाई?”

“मिरजेला. भावाकडं.”

“मग चांगलं की. भाऊ हाय तवर म्हायेर.”

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. आजींना काय वाटलं कोण जाणे, पण त्यांनी पिशवीतून मूठभर भाजलेल्या शेंगा काढून माझ्या ओंजळीत घातल्या आणि पुढे काही विचारलं नाही.

सातारा स्टेशन गावाबाहेर, माहुलीच्या अंगाला आहे. आजी तिथे उतरल्या. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना साताऱ्याचं नाव निघालं की रेव्हरंड टिळक आठवतात. ना. वा. टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि आयुष्याच्या शेवटी, १९१७मध्ये, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. सगळ्यांना जवळ घेणारी, इथल्या मातीतली ख्रिस्तभक्ती त्यांना हवी होती. दोनच वर्षांत, मे १९१९मध्ये, ते मुंबईत वारले. मला त्या दिवशी आठवत होत्या त्या मात्र लक्ष्मीबाई. रीतसर शाळा न शिकलेली ती बाई, पन्नाशीत वैधव्य आलं, आणि नवऱ्याचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे येशूवरचं महाकाव्य तिने हाती घेतलं. पुढचे ६४ अध्याय तिचे आहेत. दुःख ओसरल्यावर तिने लेखणी उचलली असेल, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, तसं कुणाचंच होत नाही. दुःख उशाला ठेवूनच माणूस कामाला लागतो.

कराड गेलं, मग ऊस आणि ऊसच. भिलवडीनंतर उजेड उतरला. सांगली, विश्रामबाग आणि मग मिरज.

विश्रामबागपासून जवळच वानलेसवाडी आहे. डॉ. विल्यम वानलेस १८८९मध्ये अमेरिकन मिशनचे डॉक्टर म्हणून या भागात आले आणि १८९४मध्ये त्यांनी मिरजेत दवाखाना उभा केला. मिरज आज डॉक्टरांचं गाव म्हणून ओळखली जाते, त्याचं मूळ तिथे आहे. वाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. क्षयावर औषधच नव्हतं त्या काळात मोकळी हवा, सकस जेवण आणि सक्तीची विश्रांती एवढाच उपचार असायचा. आमचे आजोबा तरुणपणी तिथे होते आणि बरे होऊन घरी आले. आमच्या घरात ही गोष्ट देवाच्या कृपेची साक्ष म्हणून सांगितली जायची. मिरजेत नोकरी लागली तेव्हा भावाला तिचा केवढा अभिमान! मला मात्र तो गेल्यापासून ती गोष्ट नकोशी झाली होती. आजोबांना या गावाने परत पाठवलं, मग त्याला का नाही? गाडी विश्रामबागला थांबली होती तेवढा वेळ मी हेच विचारत होते.

भावजय आणि भाची स्टेशनवर आल्या होत्या. भावजय म्हणाली, “ताई, आधी घरी चला, चहा घ्या.” भाची म्हणाली, “आत्या, नको. उजेड आहे तोवर जाऊ. मला अक्षरं रंगवायची आहेत.”

ईस्टरच्या आदल्या दिवशी दफनभूमीत घराघरांतली माणसं येतात. कुणी गवत उपटतं, कुणी चुना लावतं. पाण्याच्या कळश्या, झाडू, शेवंतीचे हार. मोठ्याने बोलणंही चालू असतं. एक आजोबा पत्नीच्या कबरीवरचा पाचोळा काढता काढता तिला कांद्याचा भाव सांगत होते.

भावाची कबर भिंतीकडच्या रांगेत आहे. साधा सिमेंटचा कट्टा, डोक्याशी काळा दगड. दगडावरची अक्षरं खोदलेली, त्यांतला पांढरा रंग दोन पावसाळ्यांत उडालेला. भाचीने पिशवीतून ऑइलपेंटची छोटी डबी काढली, कंपासपेटीतला बारीक ब्रश काढला आणि मांडी घालून बसली. काडीने रंग ढवळला, ब्रश डबीच्या काठाला निपटला. वडिलांचं नाव तिने आधी केलं, मग तारखा, मग बायबलमधलं वचन. वेलांटी भरताना जीभ दातात धरायची. रंग ओघळला की रॉकेलच्या चिंधीने लगेच टिपायची. मी डबीचं झाकण धरून शेजारी बसले होते. अक्षर अक्षर उजळत गेलं: “पुनरुत्थान व जीवन मीच आहे.” योहान ११:२५.

हे वचन मी लहानपणापासून पाठ म्हणते. ते कोणाला, कधी सांगितलं होतं याचा विचार मात्र त्या संध्याकाळी आला. बेथानीत लाजर, मार्था आणि मरियेचा भाऊ, मेलेला आहे. चार दिवस झालेत. येशू उशिरा पोहोचलाय. मार्था गावाबाहेर जाऊन त्याला गाठते आणि पहिलं वाक्य बोलते ते तक्रारीचं: आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. एक बहीण, भावासाठी, देवाच्या तोंडावर. थोड्या वेळाने मरिया येते आणि हेच म्हणते. येशू दोघींपैकी कुणालाही रागावत नाही. आणि दगडावरचं ते वचन तो मार्थालाच देतो, ती तक्रार करून उभी असताना. मनाची समजूत घालून, डोळे पुसून ये, मग सांगतो, असं तो म्हणाला नाही.

मग तो कबरीकडे निघतो. पुढच्या घडीला लाजर जिवंत होऊन बाहेर येणार हे त्याला माहीत आहे, तरी तो रडतो. विश्वासणाऱ्याने रडू नये असं मला सांगणाऱ्यांचा मी राग धरत नाही, पण प्रभू स्वतः रडला ती जागा त्यांनी पुन्हा वाचावी असं मनापासून वाटतं. आशा असलेला माणूसही रडतो. माझा इतक्या वर्षांचा ‘मग हे कसं होऊ दिलंस?’ हा प्रश्न त्याला आधीच ठाऊक होता, मार्थाकडून. उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण मी ज्याच्याशी भांडत होते तो माझ्या भावाच्या कबरीपाशी माझ्या आधी येऊन उभा आहे, एवढं त्या दगडापुढे बसून मला पटलं. मी खाली वाकले, कट्ट्याच्या कडेची मूठभर माती उचलली आणि भावाच्या कबरीवर टाकली. भावजयीने माझ्या पाठीवर हात ठेवला. आम्ही दोघी पोटभर रडलो. भाची मध्येच म्हणाली, “आत्या, रंगावर माती पडेल.”

रात्री झोप अशी लागलीच नाही. पहाटे पाचला आम्ही पुन्हा तिथे. प्रत्येक कबरीवर मेणबत्ती, बायका पदराने ज्योत सांभाळताहेत, ढोलकी आणि पेटी एका बाजूला सतरंजीवर. योहानाचा विसावा अध्याय वाचला: अंधार असतानाच येशूच्या कबरीकडे आलेली मग्दालीया मरिया, सरकवलेली धोंड, आणि येशूला माळी समजून तिने विचारलेलं. मग पाळकसाहेबांनी आवाज चढवला, “ख्रिस्त उठला आहे!” आणि सगळी दफनभूमी म्हणाली, “खरोखर उठला आहे!” जिथे हरल्यासारखं वाटायला हवं तिथे उभं राहून तीनशेएक माणसं हे ओरडून सांगत होती. लाजर उठला, पण पुढे पुन्हा मेलाच असणार. ख्रिस्त उठला तो पुन्हा न मरण्यासाठी. आमची सगळी आशा या एका गोष्टीवर उभी आहे, आणि ती खोटी असेल तर आमचं काहीच उरत नाही, हे प्रेषित पौलानेही आडपडदा न ठेवता लिहून ठेवलंय.

परतताना भाचीने विचारलं, “आत्या, बाबा उठतील तेव्हा मी मोठी झालेली असेन. मला ओळखतील?”

मी म्हटलं, “मरियेला येशू आधी ओळखू आला नाही. त्याने तिला नावाने हाक मारली, तेव्हा तिने ओळखलं. म्हणजे हाक तिकडूनच येते.”

तिने जरा विचार केला. “मग ते मला चिमणीच म्हणतील. शाळेतलं नाव नाही.”

“चिमणीच म्हणतील.”

नऊच्या उपासनेला चर्च खच्चून भरलं होतं. प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकरी घेण्याआधी, सगळे उभे राहून मतांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, म्हणतात. पुण्यात मी ‘शरीराचे पुनरुत्थान’ या शब्दांना गप्प व्हायचे. कुठलं शरीर, मी तर ते शेवटचं पाहिलंही नव्हतं. मिरजेत एका बाजूला भावजय, दुसऱ्या बाजूला बोटांना पांढरा रंग लागलेली भाची, आणि मी ते शब्द इतक्या मोठ्याने म्हटले की पुढच्या बाकावरच्या मावशींनी वळून पाहिलं. मग रांगेत उभी राहिले, आणि भाकरी घेतली.