तुम्ही विचारलंत म्हणून: लिंक का नाही पाठवत?

"अहो, ग्रुपवर लिंक टाका की, संध्याकाळपर्यंत पाचशे फॉर्म भरून येतील!" प्रौढांच्या मानसिक आरोग्याच्या संशोधनासाठी आम्ही माणसं शोधत हिंडतो म्हटलं की हे हमखास ऐकायला मिळतं. मागोमाग प्रश्न येतो: मग उन्हातान्हात दारोदार कशाला फिरता?

लिंक उघडतो त्याच्याकडे स्मार्टफोन असतो, थोडी फुरसत असते आणि मनाबद्दल बोलायची तयारी असते. हे तिन्ही नसलेली माणसं त्या पाचशेत येतच नाहीत, आणि मला त्यांच्याबद्दलच सगळ्यात जास्त जाणून घ्यायचंय.

आम्ही वापरतो ती पद्धत अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातले थॉमस आकेनबाक यांची. 18 ते 59 वयाचा माणूस एक फॉर्म स्वतःबद्दल भरतो. दुसरा फॉर्म त्याला जवळून ओळखणारं कुणीतरी त्याच्याबद्दल भरतं. गेले सहा महिने डोळ्यांपुढे आणून प्रत्येक वाक्याला 0, 1 किंवा 2 द्यायचे: खरं नाही, थोडंफार किंवा कधीकधी खरं, अगदी किंवा बऱ्याचदा खरं. स्वतःबद्दलच्या या फॉर्मचा 29 समाजांतला अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. अशा अभ्यासांत समाजासमाजांचे गुण शेजारी शेजारी ठेवून पाहतात. समजा, एका ठिकाणी घरोघर जाऊन माणसं घेतली आणि दुसरीकडे कॉलेजच्या वर्गातली पोरं. मग जो फरक दिसेल तो समाजांचा की माणसं गोळा करण्याच्या तऱ्हेचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी 2008 मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांचा हिशेब मांडला होता. अभ्यासांतली सुमारे 96 टक्के माणसं ज्या पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली होती, तिथे जगाची जेमतेम 12 टक्के लोकसंख्या राहते. आपल्याकडे फक्त व्हॉट्सॲपवरून फॉर्म भरून घेतले, तर तोच प्रकार आपण आपल्याच राज्यात करू.

बीडकडे जानेवारीत गेलात तर ऊसतोड करणाऱ्या गावांत म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली पोरं भेटतात. मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडचे गलाई कामगार, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारे, देशभरातल्या सराफी पेठांत विखुरलेले. गावच्या जत्रेला किंवा लग्नसराईतच सापडायचे. फॉर्मला हवं ते 18 ते 59 वय नेमकं गावाबाहेर असतं. त्यामुळे आमचं वेळापत्रक अनुदानाच्या वर्षाप्रमाणे आखून चालत नाही, ते साखर हंगाम आणि जत्रा बघूनच आखावं लागतं. हे दिल्लीतल्या किंवा परदेशातल्या सहकाऱ्यांना पटवताना माझा बराच जीव जातो, पण मी हटत नाही.

गावात आशाताईंशिवाय पान हलत नाही. त्या ओळख करून देतात, एवढंच काम आम्ही त्यांच्याकडून घेतो. घरं त्यांनी निवडली तर सगळी बोलकी, सहकार्य करणारी घरं मिळतात. शिवाय त्या समोर उभ्या असल्या की कोणी 'नको' म्हणत नाही, आणि नको म्हणता येत नसेल तर ती संमती कसली? घरकुलाचा सर्व्हे समजून आधार कार्ड पुढे करणारे तर जागोजाग भेटतात. त्यांना स्पष्ट सांगावं लागतं: यातून काही मिळणार नाही, नाव कुठे येणार नाही, मध्येच थांबलात तरी चालेल.

घरात कोणाला विचारायचं तेही आम्ही ठरवत नाही. घरातल्या प्रौढांची यादी करायची आणि संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी 1949 मध्ये सुचवलेला, निवड आपल्या मर्जीवर न सोडणारा तक्ता सांगेल तो माणूस घ्यायचा. धारूर तालुक्यातल्या एका घरात तक्त्याने धाकट्या सुनेवर बोट ठेवलं. सासरे म्हणाले, "तिला काय विचारता? घरातलं समदं मला ठावं हाय." आबांना समजावण्यात चहा झाला, पाऊण तास गेला. मग ती ओट्यावर बसली. वाचण्याची सवय नसलेल्यांसाठी नियम असा की फॉर्मची एक प्रत त्यांच्या हातात द्यायची आणि दुसरीवरून आपण मोठ्याने वाचायचं. पलीकडे सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. उदासीच्या, रडू येण्याच्या वाक्यांना ती तोंडाने काहीच बोलली नाही. हातातल्या प्रतीवर 2 या आकड्यावर बोट टेकवायची आणि माझ्याकडे बघायची. हे कुठल्या लिंकवर मिळालं असतं?

तिच्याबद्दलचा दुसरा फॉर्म कोणी भरायचा हे तिने ठरवायचं होतं. तिने शेजारीण निवडली. हा दुसरा फॉर्म मला फार मोलाचा वाटतो. 2005 मध्ये आकेनबाक आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले. दारू-अमली पदार्थांबाबत माणूस स्वतः काय सांगतो आणि जवळचे काय सांगतात यांचा मेळ 0.68 इतका होता (1 म्हणजे पूर्ण मेळ, 0 म्हणजे काहीच नाही). उदासी, चिंता यांबाबत तो 0.43 वर उतरला. दारू घराला दिसते, आतली घालमेल तितकी दिसत नाही. म्हणून त्या माणसालाच विचारावं लागतं, आणि एकटं गाठून. निघताना आम्ही प्रत्येक घरी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरचं कार्ड ठेवतो, कारण जीव नकोसा वाटतो का हेही आम्ही विचारलेलं असतं.

आणि सगळ्यात जास्त नकार कुठे मिळतात? शहरातल्या मोठ्या सोसायट्यांच्या गेटवर. वॉचमन सेक्रेटरीकडे बोट दाखवतो, सेक्रेटरी कमिटीच्या मीटिंगकडे, आणि आतल्या चारशे फ्लॅटमधल्या कोणाला आपल्याला काही विचारायला कोणी आलं होतं याचा पत्ताही नसतो. तुम्ही अशा कमिटीवर असाल तर एक विनंती आहे: आमचं पत्र नोटीस बोर्डावर लावा आणि आम्हाला दारापर्यंत जाऊ द्या. नाही म्हणायचं असेल तर ते ज्याचं त्याला म्हणू दे.