ओळीतल्या घरांमध्ये नवं घर बसवताना: आधी मापं, नक्षी शेवटी

नवं घर शेजारच्या घरांसारखं दिसावं का, हा वाद सुरू झाला की आम्ही आधी टेप काढतो. अर्धा वाद तिथेच मिटतो. ‘हे घर इथलं वाटत नाही’ असं म्हणणाऱ्याला सहसा कमान किंवा नक्षी खुपत नसते. खुपते ती उंची, नाहीतर ओळ सोडून पुढे आलेली भिंत.

पहिलं काम म्हणजे प्लॉटच्या दोन्ही बाजूंची तीन-तीन घरं एका कागदावर १:१०० प्रमाणात सलग काढायची आणि मधली जागा कोरी ठेवायची. प्रत्येक घराचं रस्त्यापासूनचं अंतर, जोतं, मजल्यांची उंची, वळचण (छपराची खालची कड), आढं (छपराचा सगळ्यात वरचा कणा) आणि खिडक्यांची मापं घ्यायची. लेझर मीटर नसेल तर उघड्या विटांचे थर मोजून उंची काढता येते. पण एकच थर मोजून गुणाकार करू नये. थरामागे २ मिमी चुकलं तर ८० थरांवर १६ सेंमी चुकतं. हात पोचेल तिथे दहा थरांची एकत्र उंची घ्यावी आणि तिचा दहावा भाग धरावा. जोत्याचं माप रस्त्यावरून घेतलं की फसगत ठरलेली, कारण रस्त्यालाच उतार असतो. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन एकच खूण सगळ्या घरांवर न्यावी. नळीत बुडबुडा अडकला असेल तर ती पातळी खोटी.

आता छप्पर. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. ‘शेजारच्या छपराचा उतार ३० अंश, आपलाही ३०’ एवढं ठरवून नकाशा पुढे जातो. ३० अंशाला आडव्या १ मीटरमागे छप्पर ५८ सेंमी चढतं. शेजारचं घर ६ मीटर रुंद असेल तर मधलं आढं वळचणीपासून १.७३ मीटर वर येतं. नवं घर ९ मीटर रुंद असेल तर २.६० मीटर. उतार तोच, पण आढं ८७ सेंमी वर, आणि ओळीत तेच एक डोकं बाहेर काढून उभं. उतार कमी करून हे सुटत नाही. कौलांना ठरावीक उताराखाली पाणी आत येतं. मग छपराचे दोन भाग करायचे आणि मधल्या पन्हळीची नीट काळजी घ्यायची. ती तुंबली की पाणी थेट खोलीत. दुसरा उपाय म्हणजे आढं रस्त्याला समांतर फिरवायचं. घराची पुढून मागे लांबी बेताची असेल तर आम्ही हाच निवडतो, पन्हळीची कटकट उरत नाही.

मजल्याची उंची हा त्याच्या खालोखालचा घोळ. जुन्या घराचे मजले ३.६ मीटरचे आणि नव्याचे ३ मीटरचे असतील, तर दोन मजल्यांत १.२ मीटरचा फरक पडतो आणि खिडक्यांच्या रेषा कुठेच जुळत नाहीत. हा फरक एकाच ठिकाणी भरून काढला तर बेढब दिसतो, तो वाटायचा: जोतं ४५ सेंमी जास्त, तळमजला ४५ सेंमी उंच, उरलेले ३० सेंमी वळचणीखालच्या भिंतीत. मात्र जोतं ४५ सेंमी वाढलं की दारापुढे १५ सेंमीच्या तीन पायऱ्या वाढतात. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ उतार ठेवायचा तर तेवढ्यासाठी ५.४ मीटर लांबी जास्त लागते. पुढे तेवढी जागा नसेल तर जोत्याचा हट्ट सोडावा.

खिडक्यांची संख्या जुळली नाही तरी चालतं, प्रमाण जुळायला हवं. जुन्या उभट खिडक्यांच्या ओळीत १.८ × १.२ मीटरची आडवी खिडकी लगेच डोळ्यांत येते. तिचे ६० सेंमी रुंदीचे तीन उभे भाग पाडले, मधल्या पट्ट्या जाड ठेवल्या, की काम होतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट नकाशात दिसतच नाही: चौकट भिंतीत किती आत आहे. जुन्या जाड भिंतीत ती १० सेंमी किंवा त्याहून आत असते, म्हणून खिडकीभोवती सावली पडते. नवी चौकट बाहेरच्या गिलाव्याला टेकवून बसवली की सगळी मापं बरोबर असूनही घर पुठ्ठ्याचं वाटतं.

हे सगळं साधलं की नक्षीची गरज फार थोडी उरते. आमचं मत स्पष्ट आहे: फायबरच्या कमानी आणि चिकटवलेले खांब यांनी घर जुळत नाही, सोंग तेवढं दिसतं. उलट, सजावट नाही म्हणून इमारत विजोड ठरते असंही नाही. व्हिएन्नात राजवाड्यासमोर वास्तुकार अडॉल्फ लोस यांनी बांधलेल्या इमारतीचं काम १९१० मध्ये याच कारणावरून थांबवलं गेलं होतं. शेवटी खिडक्यांखाली फुलांच्या कुंड्या लावण्यावर तडजोड झाली. आज त्याच इमारतीचं जतन होतं.

रंग आणि साहित्य शेवटी. विटा दिसणार असतील तर विटेइतकंच लक्ष दर्जांकडे, म्हणजे विटांमधल्या मसाल्याच्या सांध्यांकडे द्यावं. २१५ × ६५ मिमी दर्शनी मापाची वीट आणि १० मिमी दर्ज धरली तर भिंतीचा सुमारे १७ टक्के भाग निव्वळ दर्जांचा असतो. वीट हुबेहूब मिळूनही भिंत वेगळी दिसते ती यामुळे. दर्जेचा रंग वाळूवर बराच अवलंबून असतो, म्हणून दर्शनी भिंतीची सगळी वाळू एकाच खेपेत आणून ठेवावी. विटा एकेक गठ्ठा संपवत लावू नयेत. निदान तीन गठ्ठ्यांतून मिसळून घ्याव्यात, नाहीतर भिंतीवर चट्टे उमटतात.

काम सुरू होण्याआधी १ × १ मीटरचा नमुना शेजारच्या भिंतीलगत बांधून ठेवायचा. ओल्या मसाल्यावरून रंग पसंत करू नये. तो वाळताना फिका होत जातो, तीन-चार आठवडे तरी थांबावं. नमुना सकाळच्या आणि संध्याकाळच्या उन्हात बघायचा, एकदा पाणी मारूनही बघायचा. आणि दर्शनी भिंत पूर्ण होईपर्यंत तो पाडायचा नाही. गवंडी बदलला की दर्जेची खोली बदलते, आणि तेव्हा दाखवायला हातात तोच एक पुरावा असतो.